दोन अक्षरं

बोरदरीच्या सांडपाणी केंद्राच्या पाटीवरून ‘मल’ ही दोन अक्षरं गेली, तेव्हा तिथला ऑपरेटर कडुबा शेजारी शिडी धरून उभा होता. पेंटरनं नियमाप्रमाणं ‘मलजल शुद्धीकरण केंद्र’ लिहिलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी नगराध्यक्ष काकासाहेबांनी ते वाचलं आणि नाक मुरडलं. “नारळ फोडायचाय, फोटू काढायचाय, अन् डोक्यावर हे? पुसून टाक.” पेंटरनं पुसलं. उरलं ते ‘जल शुद्धीकरण केंद्र’. दोन वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

मग पाऊस दोनदा पाठ फिरवून गेला. करमाडच्या बाजूनं कारखाने आणि फ्लॅट वाढत आले. फ्लॅटवाल्यांचे बोअर खोल, त्यामुळं त्यांच्या मोऱ्यांचं पाणी कडुबाच्या टाक्यांत रोज येत होतं. जुन्या गावात मात्र बारा दिवसांनी टँकर. एका सकाळी कडुबाच्या घराशेजारची लीलाबाई दोन हंडे घेऊन केंद्राच्या फाटकात उभी राहिली.

“कडुबा, भरू दे.”

“मावशे, गटारीचं हाय हे.”

“पाटीवर तर शुद्ध लिवलंय.”

“शुद्ध म्हंजे झाडाला घालण्यापुरतं.”

“म्हंजे झाडाला देतो अन् माणसाला नाय. लई शिकला रे तू.”

दुसऱ्या दिवशी चाळीस बाया आल्या. कडुबा खरं सांगत होता, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. चांगलं पाणी हा साहेबांच्या बागेला राखून ठेवतोय, असं गावभर झालं. त्यानं काकासाहेबांना फोन लावला.

“साहेब, पाटी बदला. कुणी दगावलं तर मी जातो आत.”

“निवडणूक तोंडावर आलीय. मी काय गटारीचं उद्घाटन केलं म्हणून सांगू लोकांला? ब्लिचिंग दोन मुठी जास्त टाक अन् घरटी दोन हंडे दे. वापरायला म्हणून.”

झालं. नोकरी पोटासाठी होती; कडुबानं दोन मुठी जास्त टाकल्या आणि फाटक उघडलं. आठ दिवस तो केंद्रावरच राहिला. डबा घरून यायचा. प्रत्येक हंड्यामागं तो बजावायचा, “प्यायला नाय, वापरायला.” बाया “व्हय व्हय” म्हणत हंडा उचलायच्या.

नवव्या दिवशी रांगेतल्या सरूबाईनं हंड्यातून ओंजळ भरून कडेवरच्या नातवाला पाजली. कडुबाचं डोकं फिरलं. नोकरी गेली खड्ड्यात म्हणत तो तडक बाजारात गेला, लाल रंगाचा डबा आणला, शिडी लावली आणि भर दुपारी, सगळ्या रांगेसमोर पाटीवर हातभर ‘मल’ लिहिलं. लीलाबाईनं ती अक्षरं लावून मोठ्यानं वाचली. एकदोघींनी हंडे पालथे केले. एकेक करत सगळ्या निघून गेल्या.

कडुबा घरी आला तो हलका होऊन. आता काकासाहेब काय करायचं ते करोत. आई, द्वारकाबाई, चुलीपुढं बसली होती. तिनं चहाचा कप पुढं केला. त्यानं एक घोट घेतला.

“साखर लई झाली, आई.”

“वास मरावा म्हणून टाकली.”

“कशाचा वास?” त्यानं कप खाली ठेवला. “पाणी कुठलं हे?”

“तुझ्याच केंद्रातलं. लीला रोज एक हंडा ओतून जाती. मी म्हणलं, लेकानं साफ केलेलं, मंग काय भ्यायचं? तुझ्या डब्यातलं वरण कुठल्या पाण्याचं होतं रे आठ दिवस?”

तेच वरण त्यानं दोनदा निरोप धाडून जास्तीचं मागवलं होतं.

“आई, मी आज पाटीवर लिवलंय. गटारीचं हाय ते.”

“सांगितलं लीलानं आत्ताच.” द्वारकाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “मंग उद्या टँकर येतो का?”

कडुबाला टँकरची तारीख पाठ होती.

“नाय.”

“मंग पी गरम हाय तवर,” ती म्हणाली. “गार झाला की वास येतो.”