सत्तावीस टक्के

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लॅपटॉप आपणहून बंद पडला, आपणहून चालू झाला, आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. गोलाखाली पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत लिहिलं होतं, सत्तावीस टक्के. खालची ओळ कोणी वाचली नाही. ती वाचली असती तर सगळ्यांचा दिवस वाचला असता, पण मग सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

लॅपटॉप सूनबाईंचा. त्या अनुवादक. कथा-कादंबऱ्यांच्या नव्हेत, तर यंत्राबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते तिच्या. मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप, रक्तदाब मोजायचं यंत्र, काय म्हणाल ते. गेली अकरा वर्षं त्या ‘वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा’ हे वाक्य लिहीत आल्या होत्या आणि गेली अकरा वर्षं लोक त्या पुस्तिकेवर गरम भांडं ठेवत आले होते. त्यांच्या स्वतःच्या घरातही स्वयंपाकघराच्या डगमगत्या टेबलाखाली त्यांचीच एक पुस्तिका घडी करून सारलेली होती.

आज कपडे धुण्याच्या यंत्राची बेचाळीस पानांची पुस्तिका चार वाजेपर्यंत द्यायची होती. एक्केचाळीस पानं झाली होती. कंपनीत नवा अधिकारी आला होता आणि त्याने कालच फोनवर सांगितलं होतं, “मॅडम, चार म्हणजे चार. चार वाजून एक मिनिटाला आलेली मेल मी उघडत नाही. वर्षाचं काम कोणाला द्यायचं ते मी त्यावरच ठरवणार.” वर्षाचं काम म्हणजे सूनबाईंचं जवळजवळ सगळंच काम. ते गेलं तर त्यांना पुन्हा लग्नपत्रिका तपासायला जावं लागलं असतं.

“अहो! जरा या हो इकडे,” त्यांनी हाक मारली.

हाक मारली आणि तिथेच चुकलं. नवरा मोटार चालवायला शिकवणारा. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून त्याच्या बाजूलाही एक जादा ब्रेक असायची सवय पडलेली. समोर काही अडलेलं दिसलं की त्याचा पाय आपोआप उठायचा. जेवताना कोणी आमटी जास्त वाढायला लागलं तरी टेबलाखाली त्याचा पाय दाबला जायचा. तो आला, पडद्याकडे तीन मिनिटं बघत राहिला.

“अडकलंय,” तो म्हणाला.

“फिरतंय की.”

“जागच्या जागी फिरतंय. चाक चिखलात फिरतं ना, तसं. अशा वेळी इंजिन पूर्ण बंद करायचं, दम खाऊ द्यायचा, मग स्टार्टर मारायचा.”

आणि सूनबाई ‘थांबा’ म्हणायच्या आत त्याने बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. त्याने स्टार्टर मारला. बऱ्याच वेळाने गोल आला. शून्य टक्के, पाच टक्के, बारा टक्के करत करत पुन्हा सत्तावीस टक्क्यांवर येऊन बसला.

“बघ, तिथेच अडकतंय. म्हणजे बिघाड सत्ताविसाव्या टक्क्यात आहे,” नवरा म्हणाला. बिघाड सापडल्याचा त्याला आनंद झाला होता.

तेवढ्यात सासूबाई आल्या. सासूबाई बत्तीस वर्षं शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण निवृत्त झाल्या होत्या त्या फक्त कागदावर. घरात कोणाला शिंक आली तरी त्या वेळ लिहून ठेवायच्या. त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर हाताचा पालथा पंजा ठेवला.

“अंग चांगलंच तापलंय गं.”

“आई, ते तापतंच.”

“तापतंच म्हणून सोडून द्यायचं? पंखा बघ कसा लागलाय. धाप आहे ही.” त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि वहीत लिहिलं : *अकरा वाजून दहा. अंग गरम. श्वास जलद. पेशंट शुद्धीवर नाही.*

पुढच्या तासाभरात लॅपटॉपवर जे झालं ते शत्रूवरही होऊ नये. नवऱ्याला वाटलं, या खोलीतला विजेचा दाब कमी आहे. म्हणून त्याने तो स्वयंपाकघरात नेला. तिथे सत्तावीस टक्क्यांवर बंद करून बेडरूममध्ये नेला. बेडरूममध्ये एकतीसपर्यंत गेला, तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखून धरला. पण एकतीसवर चार मिनिटं हलला नाही, तेव्हा नवऱ्याचा पाय उठला आणि पायाबरोबर हातही. सासूबाईंनी मध्येच संधी साधून लॅपटॉपखाली ओलं फडकं सारलं. सूनबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी चिमटे टाकून आत धाव घेतली.

“अगं, पिळून घेतलं होतं,” सासूबाई दुखावून म्हणाल्या. पण नोंद प्रामाणिकपणे केली : *अकरा पन्नास. थंड पट्टी दिली. नातेवाइकांनी काढली.*

आता तुम्ही म्हणाल, सूनबाई स्वतः काय करत होत्या? त्या शहाण्या होत्या असं समजू नका. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. त्यातला माणूस सात उपाय सांगत होता आणि पहिल्या उपायाआधी सहा मिनिटं स्वतःबद्दल सांगत होता. त्यांनी चौथा उपाय केला, कारण पहिले तीन ऐकताना जाहिरात लागली. चालू होताना कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एक बटण पटापट दाबत राहायचं, एवढंच त्यात होतं. त्यांनी पटापट वरची सगळीच बटणं दाबली.

पडदा निळा झाला. त्यावर चार चौकोन आले. नवरा एकदम वाकला. “हां, आता कसं! हे बघ, इथे लिहिलंय सगळं काढून टाका आणि नव्याने सुरू करा. इंजिन ओव्हरहॉल. हेच पाहिजे.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे कचरा.”

“त्यात माझी एक्केचाळीस पानं आहेत!”

“दुसरी प्रत ठेवलीच असशील ना तू?”

‘महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत सुरक्षित जागी ठेवा’ हे वाक्य सूनबाईंनी किमान साठ पुस्तिकांत लिहिलं होतं. दुसरी प्रत त्यांनी ठेवलीही होती. ती त्याच लॅपटॉपमध्ये, शेजारच्या फोल्डरमध्ये होती.

नवऱ्याचं बोट खाली आलं. ते बटणावर पडणार तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या मनगटावर फटका मारला. चाळीस वर्षांच्या मुलाला आईने मारावा तसाच, पूर्ण हाताचा.

“संमतीपत्रावर सही झाल्याशिवाय काही कापायचं नाही! काय आहे आत, काय नाही, माहीत नसताना हात घालतोस? बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर असं झालं नाही.”

या एका फटक्यामुळे सूनबाईंची अकरा वर्षं वाचली. त्या नंतर हे कबूल करायच्या, फक्त सासूबाईंसमोर नाही.

सव्वा वाजता तिघं जण लॅपटॉप चादरीत गुंडाळून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. चादर सासूबाईंची कल्पना. दुकान म्हणजे एक काउंटर, एक स्टूल, एक टेबलपंखा आणि भिंतभर लटकलेल्या वायरी. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, बारीक, भुवया उचलायलाही कंटाळा करणारा माणूस होता.

“काय झालं?” त्याने विचारलं.

तिघंही एकदम बोलायला लागले. त्याने हात वर केला. मग सासूबाईंनी वही उघडली आणि डॉक्टर राउंडला आल्यावर राहावं तशा उभ्या राहून सगळी नोंद वाचून दाखवली. कधी बंद केला, कधी चालू केला, कोणत्या खोलीत किती टक्के. दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

“अकरा वेळा,” तो म्हणाला.

“काय अकरा वेळा?”

“अकरा वेळा बंद केलात.” त्याने लॅपटॉप उघडला, निळ्या पडद्यावर एकच बटण दाबलं. गोल आला. त्याने पडदा सूनबाईंकडे फिरवला. “ताई, ही खालची ओळ वाचा बरं.”

सूनबाईंनी वाचली. अपडेट चालू होतं. संगणक बंद करू नका, असं लिहिलं होतं. तो स्वतःच काही वेळा बंद होऊन चालू होईल, यात वेळ लागू शकतो, असंही लिहिलं होतं.

सूनबाईंचा चेहरा उतरला. हेच वाक्य त्यांनी मागच्या वर्षी टीव्हीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, त्याआधी कारच्या रेडिओच्या. जगात हे वाक्य ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांत पहिला नंबर त्यांचा होता. त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी दुरुस्तीवाल्याच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

“मग बिघाड कुठेय?” नवऱ्याने विचारलं.

दुरुस्तीवाल्याने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. “आज सकाळपासून हा सातवा आलाय,” तो म्हणाला. “काल रात्री सगळ्यांना अपडेट आलंय. होईल दीड-दोन तासांत. तुम्ही बाहेर थांबा.”

“आम्ही इथेच बसतो ना, गडबड नाही करणार.”

“बाहेर,” दुरुस्तीवाला म्हणाला. “दादा, तुम्ही जरा जास्त बाहेर.”

तिघं फुटपाथवर उभे राहिले. काचेतून दिसत होतं, की दुरुस्तीवाला काहीही करत नाही. तो पाणी प्यायला. बाटलीचं झाकण लावलं. हात मांडीवर ठेवून बसला. पावणेदोनला सत्तावीस टक्के झाले, तेव्हा नवऱ्याचा पाय उठला. सासूबाईंनी तो आपल्या चपलेने दाबून धरला आणि तसाच वीस मिनिटं धरून ठेवला. दोन वेळा पडदा काळा झाला. दोन्ही वेळा सूनबाईंनी डोळे मिटून घेतले. दुरुस्तीवाला मात्र जांभई देत होता. एवढ्या शांतपणे काहीही न करणारा माणूस त्या घराण्याने पूर्वी पाहिला नव्हता.

सव्वातीनला लॅपटॉप उघडला. एक्केचाळीस पानं जागच्या जागी होती. सूनबाई दुकानातल्याच स्टुलावर बसल्या आणि बेचाळिसावं पान घेतलं. ‘यंत्र अडल्यास काय करावे.’ मूळ प्रतीत शेवटची ओळ अशी होती, की पुढचा दिवा लुकलुकत असेल तर यंत्र स्वतःची तपासणी करत आहे, प्रतीक्षा करा.

‘प्रतीक्षा करा’ हे त्यांनी आयुष्यात चारशे वेळा तरी लिहिलं असेल. आज पहिल्यांदा त्यांचा हात थांबला. प्रतीक्षा करा म्हटल्यावर घरोघर काय होतं ते त्यांनी सकाळपासून डोळ्यांनी पाहिलं होतं. अकरा वर्षांत त्यांनी मुळात नसलेला एक शब्दही घातला नव्हता. पण आज डोकंच फिरलं होतं. त्यांनी लिहिलं :

*प्रतीक्षा करा. प्रतीक्षा करणे म्हणजे बटण न दाबणे. घरातील सर्वांनी खोलीबाहेर जाऊन उभे राहावे. विशेषतः ज्यांना यातले कळते त्यांनी.*

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी फाइल गेली. सूनबाईंनी पाणी मागितलं.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. नवा अधिकारी.

“मॅडम, पान बेचाळीस.”

“हो.”

“मूळ प्रतीत ‘प्रतीक्षा करा’ एवढंच आहे.”

“हो.”

“पुढची वाक्यं तुमची?”

सूनबाईंच्या डोळ्यांसमोर लग्नपत्रिकांचा ढीग उभा राहिला. पण खोटं त्यांना जमत नसे. “माझी,” त्या म्हणाल्या.

मग अधिकाऱ्याचा आवाज एकदम हळू झाला. “मॅडम, आमच्या ऑफिसचे सगळे कम्प्युटर सकाळपासून सारखे बंद-चालू होतायत. नऊ जण नऊ उपाय करत होतो. तुमची फाइल मी मोबाइलवर उघडली, सरळ शेवटच्या पानावर गेलो आणि साहेबांना वाचून दाखवली. आता आम्ही सगळे जिन्यात उभे आहोत. ज्यांना यातलं कळतं असे दोघं होते, त्यांना खाली पार्किंगमध्ये पाठवलंय.”

सूनबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची सूचना कोणीतरी पाळत होतं. एक नाही, नऊ जण. जिन्यात आणि पार्किंगमध्ये उभे राहून.

“साहेबांना तुमचं काम फार आवडलंय,” अधिकारी म्हणाला. “वर्षाचं काम तुम्हालाच. कागद तयार आहे, साहेब आत्ताच्या आत्ता सही करायला तयार आहेत. फक्त तो कागद आत टेबलावर आहे. मग, जाऊ का आत?”

“कम्प्युटर किती टक्क्यांवर आहेत?”

“ते बघायला आत जावं लागेल.”

सूनबाईंनी दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. दुरुस्तीवाल्याने काहीच केलं नाही.

“मग नका जाऊ,” त्या म्हणाल्या.