बुधवारचा रिकामा कप्पा

"घेतल्यास वाटतं गोळ्या?" नवऱ्याने बाहेरच्या खोलीतून विचारलं आणि बायकोने फ्रिजवरची डबी उघडून पाहिली. गोळ्यांच्या डबीतला बुधवारचा कप्पा रिकामा होता, आणि ती तर रंगाच्या कारखान्यातून आत्ताच घरी पोचली होती. पर्ससुद्धा अजून खांद्यावरच होती.

नवरा स्टोअरकीपर. ज्या वस्तूला कप्पा नाही, ती त्याला बघवत नसे. काल संध्याकाळी त्याने बायकोच्या गोळ्या पाकिटांतून सोलून सात वारांच्या सात कप्प्यांत भरल्या होत्या. तशीच दुसरी डबी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची. दोन्ही डब्या निळ्या, दोन्ही फ्रिजवर, शेजारी शेजारी. केवढा अभिमान वाटला होता त्याला!

"कप्प्यात काय भरलं होतंस?" बायकोने विचारलं.

"एक गुलाबी, एक पिवळी."

"दोन्ही? एकाच दिवशी?"

"दोन्ही मूल होण्यासाठीच्याच ना? मग एका कप्प्यात."

"अरे देवा! पिवळी शनिवारपासून आहे. एकीचा दुसरीवर परिणाम होऊ शकतो, मला विचारल्याशिवाय एकत्र घेऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं. तू तेव्हा त्यांच्या भिंतीवरचा वाकडा तक्ता सरळ करत होतास."

नवऱ्याचा चेहरा उतरला, मग जरा उजळला. "पण तू घेतल्या नाहीस ना? सुटलो!"

"मी नाही घेतल्या. तूही नाही. मग घेतल्या कुणी?"

नवऱ्याने आबांची डबी उघडली. बुधवारची गोळी जशीच्या तशी. दोघांनी एकदम आतल्या खोलीकडे पाहिलं.

आबा पलंगाच्या कडेवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. चेहरा लालबुंद. सदरा पाठीला चिकटलेला. सुनेकडे पाहून त्यांनी डोळे पुसले आणि "काय बघताय? माणूस बसलाय, दिसत नाही का?" असं खेकसून पुन्हा डोळे पुसले. आबा एरवी माशीवरसुद्धा खेकसत नसत.

आता सरळ विचारायचं की नाही? पण घोडं तिथंच अडत होतं. गेल्या वर्षी दिवस राहिले तेव्हा आबांनी आठवड्याभरात पाळण्याला रंग दिला, आणि सगळं संपलं तेव्हा आठ दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तेव्हापासून दोघांचं ठरलं होतं, पक्कं कळेपर्यंत म्हाताऱ्याच्या कानावर काही घालायचं नाही. पुन्हा तो चेहरा बघायची सुनेची छाती नव्हती. हे औषध घरात आलंय हेसुद्धा त्यांना सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरात नवऱ्याने गोळ्यांसोबतचे दोन कागद उलगडले. ते लांबीला त्याच्याएवढे निघाले.

"अंगातून गरम वाफा," तो कुजबुजला.

"आहेत."

"चिडचिड. रडू येणं."

"दोन्ही आहेत. पुढे वाच."

"जुळं होण्याची शक्यता..."

"कुणाला? आबांना? वाचायचं तेवढंच वाच ना!"

नवऱ्याने नंबर शोधायला फोन काढला. बायकोने फोन हिसकावून घेतला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. पाच वेळा लागला नाही. सहाव्या वेळी उचलला गेला.

"डॉक्टर, दोन्ही गोळ्या एकत्र पोटात गेल्या हो!"

"तुमच्या?"

"सासऱ्यांच्या. बहात्तर वर्षांचे आहेत. रक्तदाब आहे. दवाखान्यात नेऊ का?"

डॉक्टरीणबाईंनी वय पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, "करड्या टोपीतले? काठीवाले?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, दुपारी तीन तास माझ्याकडेच बसले होते. सगळ्या तरुण जोडप्यांत एकटे. नंबर सोडायला तयार नाहीत. तुम्ही त्यांनाच विचारा."

बायको वळली. आबा दारात उभे होते. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत रुमालाच्या घडीत एक गुलाबी, एक पिवळी.

"सकाळी चुकून तुझी डबी उघडली," आबा म्हणाले. "माझी गोळी पांढरी. म्हटलं, या कसल्या? आपल्या नेहमीच्या औषधवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, आजोबा, या तुमच्या सुनेच्या, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकत्र द्यायच्या नाहीत. त्याच्याकडून डॉक्टरीणबाईंचा नंबर घेतला, पण फोन लागेना. म्हणून गेलो चालत. येताना लिफ्ट बंद, पाच मजले चढलो."

"अहो आबा, पण आल्याबरोबर सांगायचं ना! आमच्या तोंडचं पाणी पळालं."

"कसं सांगू? तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. मला कळलंय म्हटल्यावर तुलाच पुन्हा धास्ती." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "आज फक्त गुलाबी घ्यायची. मी लिहून आणलंय."

सुनेला रडू आवरेना. नवरा मात्र अजून तिथंच अडकला होता. "म्हणजे आबा, तुम्ही एकही खाल्ली नाहीत? नक्की?"

"अरे गाढवा," आबा म्हणाले, "मला आजोबा व्हायचंय, आई नाही."

सुनेने रडता रडताच दोन पेले पाणी भरले. कारण एवढ्या धावपळीत आबांची स्वतःची गोळी अजून बुधवारच्या कप्प्यातच होती.