अण्णांचा व्यवसाय

एका जंगलात एक वृद्धाश्रम होता, आणि तिथे जे वाटोळं झालं त्याला अध्यक्ष विश्वासराव टोचणकर जबाबदार होता. नाव आधीच सांगून टाकतो, बाळांनो. नाहीतर मोठी माणसं शेवटी 'परिस्थितीच तशी होती' म्हणतात आणि चहा प्यायला जातात.

विश्वासराव हा सुतारपक्षी. त्याचे वडील अण्णा त्याच आश्रमात होते. अण्णांना स्मृतिभ्रंश झाला होता. जेवलो की नाही, ते आठवत नसे. आपण पक्षी आहोत, हेसुद्धा कधीकधी विसरत.

दर रविवारी विश्वासराव यायचा आणि अण्णांच्या समोर उभा राहायचा.

"ओळखा बघू, मी कोण?"

अण्णा घाबरायचे. परीक्षेला बसवलं की कोण घाबरत नाही? मी तर कॉलेजच सोडलं.

"तुम्ही... वीजबिलवाले?"

विश्वासराव बाहेर जाऊन डोळे पुसायचा. बापाने एकदा, फक्त एकदा आपल्याला ओळखावं, एवढंच त्याला हवं होतं. ते खरं होतं. मूर्ख माणसांनाही दुःख खरंच होतं.

अण्णा दिवसभर भिंतीवर ठकठक करायचे. शेजारच्या खाटेवरची घोरपड वैतागायची. म्हणून कर्मचाऱ्यांनी अण्णांच्या चोचीला फडकं बांधलं. याला तिथे सेवा म्हणत.

मग मंजिरी नावाची शेकरू नोकरीला लागली. तिने फडकं सोडलं आणि अण्णांसमोर सागाचं एक वाळकं खोड उभं केलं.

"अण्णा, एक ढोली हवी होती. कराल?"

अण्णांनी खोडाला कान लावला. दोनदा ठोकून पाहिलं.

"इथं पोकळ आहे. इथून धरू."

आठ दिवसांत अण्णा दोन वेळ जेवू लागले. फडकं बांधल्यापासूनचं रडणं थांबलं. घोरपडीलाही झोप लागली, कारण खोड अंगणात होतं.

रविवारी विश्वासराव आला. प्रश्न विचारायला त्याने चोच उघडली, तेवढ्यात अण्णा वर न बघताच म्हणाले, "विश्या, उजेड अडवू नकोस. सरक तिकडं."

विश्या! लहानपणीची हाक. विश्वासराव गदगदला. सरकला. आणि सरकताना त्याला मंजिरीने दारावर लावलेली पाटी दिसली : 'व्यवसायोपचार विभाग'.

त्यातलं 'उपचार' त्याने वाचलंच नाही.

"व्यवसाय? माझ्या बापाला या वयात व्यवसायाला लावलंस?" तो मंजिरीवर ओरडला.

"अहो काका, शब्द तसा आहे. सवयीचं काम केलं की त्यांना बरं वाटतं. आत्ता हाक मारली ना तुम्हाला?"

"काका नाही, अध्यक्ष! लोक काय म्हणतील? टोचणकरांनी बापाला मजुरीला जुंपलं!"

समितीची बैठक बसली. समितीत सगळे ज्येष्ठ. एक वानर म्हणाला, "आमच्या काळात असलं नव्हतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. हा त्यांचा संपूर्ण अभ्यास.

मंजिरीला काढलं. खोड बंबात गेलं. अण्णांना कापसाच्या गादीवर बसवलं.

"आता फक्त आराम करायचा हं, अण्णा!"

शिवाय जाहीर सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. होय, बाळांनो, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याला स्मृतिचिन्ह. अण्णांनी त्यावर चोच मारून पाहिली. प्लॅस्टिक होतं. चोच घसरली.

त्यांनी ते विश्वासरावापुढे धरलं.

"हे कुठं ठेवू, साहेब?"

"बघा, किती नम्र आहेत!" वानर म्हणाला. टाळ्या झाल्या.

अण्णा आणखी दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत त्यांनी मुलाला एकदाही ओळखलं नाही.

तात्पर्य : म्हाताऱ्यांना काम देऊ नये, ते माणसात येतात. त्यांना शाल द्यावी. त्यांना काही आठवलं नाही तरी फोटो चांगला येतो.