लेले बाईंची ठकू

आमच्या वारज्याच्या सोसायटीत लेले बाई सगळ्यांना अरेतुरे करतात. चेअरमनलासुद्धा. 'आपण' म्हणतात ते फक्त ठकूला. ठकू ही कुत्री आहे.

"आपल्या कानाला हात लावला तर चालेल का?" पार्किंगमध्ये सतरंजीवर बसून बाई विचारतात आणि खरोखरच उत्तराची वाट बघतात. ठकूने तोंड फिरवलं की हात मागे. "नाही म्हणाल्या. उद्या बघू."

बाई आम्हाला शाळेत गणित शिकवायच्या. माझे दोन्ही कान त्यांनी विनापरवानगी पिळलेले आहेत.

ठकू कुठूनशी आली तीच लंगडत. पुढच्या पंजाचं नख वाढून वळायला लागलं होतं आणि हात लावायला जाईल त्याच्यावर ती धावून जायची. चेअरमन पाटणकर दोन माणसं आणि एक पोतं घेऊन आले. "धरायचं, कापायचं, मोकळं व्हायचं!"

बाई आडव्या आल्या. "पाटणकर, तुझी दाढ काढताना तुला पोत्यात घालतात का रे?"

पोतं परत गेलं आणि बाईंचा वर्ग भरायला लागला. आधी नुसता हात दाखवायचा आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. मग खांद्याला ओझरता स्पर्श, पुन्हा तुकडा. ठकूने अंग आखडलं की वर्ग सुटला.

"कुत्रीला कसल्या मॅनर्स शिकवताय, बाई?" पाटणकर जाता-येता विचारायचे.

"कुत्रीला नाही रे, हाताला शिकवतेय."

गेल्या रविवारी ठकूने आपणहून पंजा बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी विचारलं, थांबल्या, आणि कट्कन नख कापलं. ठकू हललीसुद्धा नाही. मी टाळी वाजवणार होतो. बाईंनी नुसत्या नजरेने मला गप्प केलं.

"बाई, हे यूट्यूबवर शिकलात?"

"यूट्यूब कसलं! सासूबाईंकडे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"जन्मभर आमचं पटलं नाही. एका स्वयंपाकघरात दोघी, आणि बोलणं भिंतीशी. पुढे त्यांना काही आठवेनासं झालं. आंघोळीला नेताना धरलं की किंचाळायच्या, ओरबाडायच्या. नर्स म्हणाली, हात बांधू. मी म्हटलं, खबरदार. मग रोज आधी तांब्या दाखवायचा, विचारायचं, थांबायचं. कधीकधी दुपार व्हायची."

"मग ओळखायला लागल्या तुम्हाला?"

"छे! पण केस विंचरायला माझ्याचपुढे येऊन बसायच्या. म्हणायच्या, तुमचा हात किती हलका हो. आमची सून असती तर तिने उपटले असते."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? विंचरत राहायची."

ठकूला तिथेच झोप लागली होती. बाईंच्या पायाला मुंग्या आल्या असणार. पण त्या तशाच बसून राहिल्या.