सुकाणूवरची खार

एका जंगलात, बाळांनो, नदी होती, नदीकाठी शाळा होती आणि शाळेची एक नाव होती. आठ पाणमांजरं ती वल्हवायची. वल्हवताना त्यांची पाठ पुढे असायची. म्हणजे आपण कुठे चाललोय, हे आठांपैकी एकालाही दिसत नसे.

म्हणून नावेच्या मागच्या टोकाला, सुकाणूवर, ठिणगी नावाची खार बसे. ती आठवीत होती. तिला निवडलं, कारण तिचं वजन कैरीएवढं होतं. दुसरं काहीच कारण नव्हतं.

ठिणगीला मात्र वाटलं, आपण राणी झालो. पहिल्याच शर्यतीत ती ओरडत सुटली. "ओढा रे! आळशी कुठले! अंगात जोर नाही का?" ओरडण्याच्या भरात सुकाणू सुटलं आणि नाव थेट लव्हाळ्यात घुसली. बाहेर काढायला दोन म्हशी लागल्या.

"तुमच्यामुळे हरलो!" ठिणगी फणकारली.

तिच्या समोरच बसणारा दगडू मिशांतला चिखल पुसत म्हणाला, "ठिणगे, आम्हाला वाट दिसत नाही. तुला दिसते. तू वाटेकडे बघ ना बाई, आमची तोंडं काय बघतेस?"

त्या दिवशी ठिणगी शेंगदाण्यालाही शिवली नाही.

मग मात्र ती शिकली. कुठे भोवरा आहे, कुठे खडक आहे, सगळं पाठ केलं. वळणावर दगडूचा श्वास फुलतो, हे तिला कळलं. धाकट्या दोघांचं भांडण झालं की नाव डावीकडे ओढते, हेही कळलं. दहावीत पोचेपर्यंत तिला तीनच शब्द पुरू लागले. "आता." "हळू." "सोडा." आणि नाव लोण्यातून सुरी जावी तशी जायची.

नदीपलीकडे मोठं महाविद्यालय होतं. तिथल्या नावेत बसायचं, एवढंच आता तिच्या मनात होतं. निवड करायला बगळेसाहेब आले. एका पायावर उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि शेरा लिहिला : "आठही वल्हेकरी उत्तम. नाव आपोआप सरळ जाते. मागे एक खार बसली होती. प्रयोजन कळले नाही."

आठही जण निवडले गेले. ठिणगीने सगळ्यांचं हसून अभिनंदन केलं आणि जांभळीच्या शेंड्यावर जाऊन पोटभर रडली.

महाविद्यालयाने सुकाणूवर राघू बसवला. आवाज काय खणखणीत! पहिल्याच सरावात नाव गोल फिरली आणि धक्क्यावर आदळली. धक्क्यावर बगळेसाहेब होते. एकाच पायावर. ते पाण्यात पडले.

दगडूने त्यांना बाहेर काढलं आणि सांगितलं, "साहेब, ती खार आणा. नाहीतर आम्ही चाललो घरी."

खार आली. बगळेसाहेब पंख झटकत म्हणाले, "ये बाळ. फक्त जरा ओरडत जा. काठावर विश्वस्त बसतात. तू काहीतरी करतेस, हे त्यांना कळायला नको?"

ठिणगीने क्षणभर विचार केला. न ओरडायला शिकण्यात तिची दोन वर्षं गेली होती. पण नाव समोर होती.

पुढच्या शर्यतीत ती छाती भरून ओरडली, "शूरांनो! इतिहास घडवा!" काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. नावेत कुणी मिशीसुद्धा हलवली नाही.

मग ती हळूच म्हणाली, "आता."

आठ वल्ही एकदम पाण्यात गेली.

तात्पर्य : काम चोख करावं, पण इतकंही चोख करू नये, की ते आपोआप झालं असं साहेबाला वाटेल.