हृषी तिरोडकरचं येणं

वुराबिन गावात शनिवारचा फुटबॉल सामना गुरुवारी संध्याकाळी चाहते जसा बोलतील तसाच होतो. ऑस्ट्रेलियाच्या त्या भागात ही गोष्ट नवी नाही. गुरुवारी दोन्ही गावांचे चाहते क्लबाच्या लांबट खोलीत समोरासमोर बसतात, येत्या सामन्यात काय काय होईल ते बोलतात, एका बाजूने म्हटलेलं दुसऱ्या बाजूला पटलं की ती 'चालेल' म्हणते, आणि शनिवारी खेळाडू मैदानात उतरून तेवढं करून दाखवतात. गावातले लोक याला प्रिव्ह्यू म्हणत. प्रमिलाताई तिरोडकर मात्र पहिल्यापासून 'बोलणी' म्हणत आल्या होत्या. कुडाळकडे लग्नाच्या बोलण्यांना त्या लहानपणी मागे बसून ऐकत, आणि इथलं सगळं त्यांना तसंच वाटे: तेच गोड बोलणं, तेच अडून बसणं, तेच शेवटी मानपानावर घोडं अडणं.

बोलताना जपावं लागतं. जे बोलायचं राहून जातं ते होत नाही. एकदा चेंडूचा उल्लेख राहून गेला होता, तेव्हा दोन्हीकडचे अठरा-अठरा जण खेळाचे चारही भाग, म्हणजे क्वार्टर, नुसतेच पळाले. जाणकारांच्या मते तो सामना तसा वाईट झाला नाही.

भाषा कुठलीही चालते. मैदानाला सगळ्या भाषा कळतात की नाही ही शंका अजून कुणी काढलेली नाही. नियम एवढाच, की जी गोष्ट ज्या भाषेत आधी बोलली गेली ती त्या भाषेतलीच धरायची. मागाहून इतरांसाठी भाषांतर करायचं ते केवळ शिष्टाचार म्हणून. प्रमिलाताई आपलं म्हणणं आधी मराठीत मांडत. नव्या असताना उत्साहाच्या भरात त्या एकदा म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या क्वार्टरला आपण डनबेरीला पाणी पाजू." त्या शनिवारी वुराबिनच्या खेळाडूंनी खेळ थांबवून समोरच्या डनबेरी गावाच्या खेळाडूंना भांड्यांतून पाणी पाजलं. त्यांनी आभार मानले, ताजेतवाने झाले आणि जिंकले. तेव्हापासून प्रमिलाताई मोजूनमापून बोलू लागल्या आणि पुढे गावाने त्यांनाच बोलण्यांची प्रमुख केलं. गाव त्यांना मिसेस टी म्हणे.

या वेळच्या सामन्यात त्यांचं स्वतःचं काही गुंतलेलं होतं. त्यांचा मुलगा हृषी वुराबिनकडून शेवटचं खेळणार होता. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थच्या एका मोठ्या क्लबाने त्याला घेतलं होतं आणि पुढच्या आठवड्याच्या शेवटी त्याने तिथे हजर व्हायचं होतं. न झाला तर जागा दुसऱ्याला. लंबगोल चेंडू चार खांबांमधून धाडण्याच्या या खेळात असं बोलावणं वुराबिनमधल्या कुणाला आजवर आलं नव्हतं. प्रमिलाताईंनी पेढे केले, सगळ्या गल्लीत वाटले आणि घरी येऊन रिकाम्या परातीपुढे बसून रडल्या.

डनबेरीकडून बोलायला रॉन मॅकार्डल हा म्हातारा होता. अडून बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्या गुरुवारी त्याने खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "पोरगं चाललंय ना, मिसेस टी? मग सामना तुमचा. आम्ही दोन गोलांनी हरतो. शेवटचा गोल त्याचा."

"फुकट नको," प्रमिलाताई म्हणाल्या. "तिसरा क्वार्टर तुम्ही घ्या."

"घेतला. आणि आमच्या बचावपटूंना शिव्या नकोत."

"चालेल."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग सामन्याचे चिटणीस हॅलोरन यांनी घसा साफ केला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसणारे हे गृहस्थ स्वतः काहीही बोलत नसत, फक्त राहिलेल्याची आठवण करून देत. "खेळ संपल्याचा भोंगा झाल्यावरचं राहिलंय," ते म्हणाले. "खेळाडू मैदानाबाहेर जातात हे बोलावं लागेल. मागे राहिलं होतं तेव्हा सगळे पुढच्या शनिवारपर्यंत आतच होते. आणि निरोपाचा खेळाडू सर्वांत शेवटी एकटा जातो. त्याचं नाव घेऊन वेगळं बोलायचं असतं."

प्रमिलाताई मराठीत म्हणाल्या, "भोंगा होतो. डनबेरीचे खेळाडू बाहेर जातात. वुराबिनचे बाहेर जातात. मग हृषी..." आणि त्या थांबल्या. 'जातो' हा शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आला आणि परत फिरला. घरातलं माणूस निघतं तेव्हा जातो म्हणायचं नसतं. ते येतो म्हणतं आणि आपण ये म्हणायचं. त्यांच्या आईने तसं म्हटलं होतं, आजीने म्हटलं होतं. त्यांनी स्वतःही आयुष्यात कुणाला जातो म्हणून घराबाहेर पडू दिलं नव्हतं.

"...मग हृषी येतो," त्या म्हणाल्या.

नंतर रिवाजाप्रमाणे त्यांनी इंग्रजीतून सांगितलं की हृषी जातो, कारण येतोचा अर्थ तोच. इंग्रजीत जातो म्हणायला त्यांना काही वाटत नसे. त्या भाषेत कुणाचं काही वाईटवंगाळ होत नाही अशी त्यांची समजूत होती.

"चालेल," रॉन म्हणाला.

शनिवारी सामना ठरल्याबरहुकूम झाला. हृषीने शेवटचा गोल मारला, भोंगा झाला, डनबेरीचे बाहेर गेले, वुराबिनचे गेले. मग हृषी एकटा फाटकाकडे निघाला. त्याने फाटक ओलांडलं आणि तो फाटकातून आत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण खेळाडू मैदानात येतो तेव्हा टाळ्या वाजवायच्या असतात. हृषी गोंधळून मागे वळला, पुन्हा बाहेर पडला आणि पुन्हा आत आला. पुन्हा टाळ्या. कुंपणावरून उडी मारून पाहिली, तर उडी आतल्या बाजूला पडली.

अंधार पडेपर्यंत तो येतच होता.

"आई," शेवटी कुंपणाशी येऊन तो म्हणाला, "तू गुरुवारी नक्की काय बोललीस?"

"काय बोलणार? बोलतात तेच."

"जातो म्हणालीस ना?"

"जातो म्हणायचं नसतं, हृषी."

"अगं आई!" एवढंच म्हणून तो गवतावर बसला.

आता पुढच्या गुरुवारशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. गावाने समजूतदारपणा दाखवला. मैदानात तंबू लागला, गरम पाण्याची सोय झाली. हृषी दिवसातून काही वेळा पाय मोकळे करायला फाटकातून येई, तेव्हा टाळ्या वाजवायला माणसं हवीत म्हणून क्लबाने पाळ्या लावल्या. गावच्या शिक्षिकेने पूर्ण वर्ग एका पाळीला आणला. प्रमिलाताई सकाळ-संध्याकाळ कुंपणावरून डबा देत. हृषी समोर बसून जेवे, चटणी जास्त मागे, पर्थविषयी एक अक्षर बोलत नसे. लहानपणी शाळेतून आल्यावर ओट्याशी बसून जेवायचा तसाच तो गवतावर मांडी घालून जेवत होता. प्रमिलाताईंना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटूनही बरं वाटायचं थांबेना.

त्यांचे यजमान, श्रीधरराव, याच गावात डॉक्टर होते. काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी ते घाईत बाहेर पडताना "जातो गं" म्हणाले. प्रमिलाताईंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "येतो म्हणा." त्यांनी दारातून हसत "येतो, येतो" असं दोनदा म्हटलं. ते आले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. पण तो शब्द मंगळवारचा होता आणि घरातला होता. क्लबाच्या खोलीत गुरुवारी बोललेला शब्द मैदान पाळतं. हे प्रमिलाताईंना त्या आठवड्यात प्रथमच पुरतं उमगलं: एक माणूस असं आहे की त्याला आपण येतो म्हटलं आणि ते खरोखर येतंय. आपण काही बोललो नाही तर ते येतच राहील.

गुरुवारी खोली भरली. सामना पुन्हा डनबेरीशीच होता. हॅलोरन यांनी सुरुवातीलाच विषय काढला. "मागच्या शनिवारचं एक येणं चालू आहे," ते म्हणाले. "ते बंद करायचं की राहू द्यायचं, हे जे बोलले त्यांनी बोलावं. मराठीत उघडलेलं मराठीतच मिटवावं लागेल. इंग्रजीत केलं तर धरलं जाणार नाही."

"राहू दिलं तर?" प्रमिलाताईंनी हळूच विचारलं.

"नियमात बसतं."

रॉनने खुर्ची पुढे ओढली. "मिसेस टी, ठेवायचा असेल तर आमची हरकत नाही. आमच्या गावी एक आहे. चेंडू झेलायला त्याने उंच उडी मारली, आणि त्याची बायको आधीच्या गुरुवारी 'खाली येतो' हे बोललीच नव्हती. पडून लागेल म्हणून पुढेही बोलली नाही. तो अजून वरच आहे. ती रोज त्याच्याखाली खुर्ची टाकून विणत बसते. बाई सुखात आहे."

"आणि तो?"

रॉनने जरा विचार केला. "त्याला कुणी विचारलेलं नाही," तो म्हणाला.

खिडकीतून मैदान दिसत होतं. हृषी फाटकाशी उभा होता. पिशवी भरून खांद्याला लावलेली होती. शनिवारपासून ती त्याने उतरवली नव्हती, हे प्रमिलाताईंच्या आत्ता ध्यानात आलं. डबा देताना त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत, खांद्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तो फाटकाबाहेर पडला आणि आत आला. पाळीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हृषीने त्यांना हात केला. कंटाळलेल्या माणसाने पाहुण्यांना करावा तसा.

प्रमिलाताई उठून उभ्या राहिल्या. बोलण्यांत उभं राहायची पद्धत नव्हती, पण कुणी काही म्हटलं नाही.

"हृषी..." त्या म्हणाल्या. पुढचा शब्द येईना. त्यांनी पाणी घेतलं. "हृषी..." घरी आरशासमोर त्यांनी जातो म्हणून पाहिलं होतं. आरशाला जमलं होतं. इथे जिभेवर श्रीधरराव उभे राहत होते. हॅलोरन टोपी गुडघ्यावर धरून थांबले होते. रॉन जमिनीकडे बघत होता. कुणीही घाई केली नाही, आणि त्या खोलीतल्या माणसांविषयी प्रमिलाताईंना त्या क्षणी फार माया वाटली.

"शनिवारी भोंगा होतो," त्या एका दमात म्हणाल्या. "सगळे बाहेर जातात. आणि माझा हृषी जाऊन येतो."

मग त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं, या वेळी नीट, दोन्ही भाग.

हॅलोरन विचारात पडले. "यात दोन क्रिया आहेत."

"एकच आहे," प्रमिलाताई म्हणाल्या. "आमच्याकडे ती एकच धरतात."

"जाणं शनिवारी, भोंग्यानंतर. ते ठरलं. येणं कधी?"

"ते मी आज बोलत नाही."

"मग ते उघडं राहील, मिसेस टी. बोललेलं आहे, तेव्हा होणार तर नक्की. कधी, ते मैदानालाही माहीत नसेल."

"राहू दे उघडं."

"चालेल," रॉन म्हणाला.

शनिवारी भोंगा झाल्यावर हृषी पिशवी घेऊन शेवटी एकटा फाटकाशी गेला. आईच्या पाया पडला. दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही, कारण आता नव्याने काही बोलण्याचा धीर दोघांनाही नव्हता. त्याने फाटक ओलांडलं आणि तो रस्त्यावर पोचला. रस्त्यावर पोचलेला पाहून लोक क्षणभर चुळबुळले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो वळणापर्यंत दिसला, मग दिसला नाही. प्रमिलाताई रिकामा डबा घेऊन घरी गेल्या.

पुढच्या हंगामात वुराबिनचे सतराच खेळाडू मैदानात उतरू लागले. हृषीचं येणं उघडं असल्याने त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही, असा हॅलोरन यांनी निर्णय दिला. आणि तो कोणत्याही क्षणी येऊ शकत असल्याने ती जागा मोकळीही सोडता येत नाही, म्हणून समोरच्या गावाने तिथे आपला एक खेळाडू पहाऱ्याला ठेवायचा. डनबेरीने तिथे आपला सर्वांत चांगला बचावपटू ठेवला, लोगन नावाचा. तो दर सामन्यात गवताच्या त्या तुकड्यापाशी एक हात पुढे करून, गुडघे वाकवून उभा राही. चेंडू तिकडे आला तर तो आधी शेजारी बघे आणि मगच उडी मारी.

ऑगस्टमधल्या एका गार दुपारी, तिसऱ्या क्वार्टरनंतर, तो हात चोळत कुंपणाशी आला. प्रमिलाताई नेहमीच्या जागी बसल्या होत्या.

"मिसेस टी," त्याने विचारलं, "येतोय ना हो तुमचा मुलगा?"

"येतोय," प्रमिलाताई म्हणाल्या.

लोगनने मान डोलावली, आणि तो परत जाऊन आपल्या जागी उभा राहिला.