ओगलेंच्या चिठ्ठ्या

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या पाचव्या वर्षी, जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, शरद ओगले यांनी तोयोसुतल्या आमच्या ऑफिसच्या किटलीवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. वर जपानी, खाली मराठी. मजकूर असा : ‘पाणी उकळायला लावल्यास चहा करूनच जावे. न जमल्यास पाणी ओतून किटली रिकामी ठेवावी.’

मराठी वाचणारी ऑफिसात मी एकटीच होते. मराठी कशाला, असं मी विचारलं. परवा अर्धी किटली सोडून तुम्हीच गेल्या होतात, असं ते म्हणाले.

ओगले पन्नाशीचे, पुण्याचे. उरायासुला, खाडीकाठच्या उपनगरात, भाड्याच्या घरात राहायचे. घरसामान हलवून देणाऱ्या एका कंपनीची बुकिंग व्यवस्था आमची टीम सांभाळत होती. ओगले तिचा कोड लिहायचे, मी माहितीपुस्तकं. बायको आणि मुलगी कुठे असतात, असं कोणी विचारलं की ते म्हणत, “पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेल्यात.” हे उत्तर मी दोन वर्षं ऐकत होते. ज्यांनी आधी विचारलं होतं, त्यांनाही तेच मिळालं होतं. दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे.

चिठ्ठ्यांचं मूळ त्यांच्या कामात होतं. एका बुकिंगच्या तीन नोंदी होतात : ट्रक, माणसं, आणि इमारतीच्या लिफ्टची वेळ. तिन्ही व्हायला हव्यात, किंवा एकही नको. पूर्वी प्रोग्रामरला हे हाताने सांभाळावं लागे. इथे सुरुवात, इथे शेवट, मध्ये काही फसलं तर आधीचं पूस. आता कोडमधल्या त्या कामाच्या डोक्यावर फक्त एक शब्द लिहायचा. त्याला ॲनोटेशन म्हणतात. तो शब्द असला की ते काम अखंड होतं : एक जरी पायरी चुकली, तरी डेटाबेस होता तसा परत. ओगलेंना याहून मोठा शोध माहीत नव्हता. “डोक्यावर लिहून ठेवा,” ते सगळ्यांना सांगत. “मग कोणी विसरलं तरी काम विसरत नाही.”

हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला होता. गोष्ट सांगताना फोन वाजला, तर फोन झाल्यावर ते पहिल्या वाक्यापासून सुरू करत. खाडीवरच्या वाऱ्याने सकाळची ट्रेन मधेच थांबली, तर ते पुढे येत नसत. उलट्या गाडीने घरी जात, बूट काढत, बूट घालत आणि पुन्हा निघत. उशीर झाल्याचा स्टेशनवरचा दाखला ते दोन्ही दिशांचा आणत. आमचे टीमप्रमुख मोरिता-सान दोन्ही दाखले फायलीला लावत.

ऑक्टोबरमध्ये चूक झाली, आणि ती ओगलेंची होती.

फुनाबाशीत राहणाऱ्या एका एकट्या आजींच्या दाराशी ठरल्या वेळी ट्रक आला. माणसं आली नाहीत. त्यांची नोंद फसली होती, पण ट्रकची पुसली गेली नव्हती. आजी रिकाम्या घरात खोक्यांवर संध्याकाळपर्यंत बसून होत्या. ओगलेंनी कोड तपासला. डोक्यावरचा शब्द जागेवर होता.

कारण सापडायला दोन दिवस लागले. ते त्यांनी मला असं समजावलं : डोक्यावरची चिठ्ठी, म्हणजे तो शब्द, आपोआप काम करत नाही. दाराबाहेर एक मध्यस्थ उभा असतो, तो ती वाचतो. बाहेरून हाक आली की मध्यस्थ आधी चिठ्ठी वाचतो, मग आत सोडतो. त्याच घरातल्या, म्हणजे कोडच्या त्याच भागातल्या, कोणी आतूनच हाक मारली, तर ती मध्यस्थापर्यंत जात नाही. चिठ्ठी कोणी वाचतच नाही. ओगलेंनी आतून हाक मारली होती. नवशिके ही चूक करतात, असं ते स्वतःच म्हणाले.

ते मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेले. नक्की काय झालं, असं आजींनी विचारलं. ओगलेंनी जपानीत पाऊण तास सांगितलं. आजींनी बांधलेलं खोकं उघडून किटली काढली आणि त्यांना चहा दिला. बांधलेलं खोकं आपल्यामुळे उघडावं लागलं, हे ओगलेंच्या मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा घेतली. अशी रजा त्यांनी आधी कधी घेतली नव्हती.

झाल्या चुकीबद्दलच्या लेखी जबाबावर, सहीऐवजी, त्यांच्या नावाचा शिक्का हवा होता. मीही उरायासुला राहते, म्हणून मोरिता-साननी कागद माझ्याकडे दिला. शनिवारी सकाळी मी गेले.

घरभर चिठ्ठ्या होत्या. फक्त मराठीत. फ्रिजवर, बायकोला उद्देशून : ‘मेधा, लोणचं वरच्या कप्प्यात.’ दाराशी, लहान मुलीच्या पावसाळी बुटांवर : ‘ओले असल्यास पुसून ठेवणे.’ ते कोरडे होते. भिंतीवरच्या खुंटीला लाल चामड्याचं दप्तर होतं. इथे पहिलीत घेतात आणि प्राथमिक शाळेची सहा वर्षं वापरतात, तसलं. त्यावरची चिठ्ठी मी मोठ्याने वाचली : ‘सईने येऊन उचलेपर्यंत हलवू नये.’

सई त्यांची मुलगी. भूकंप झाला तेव्हा तिची पहिली संपत आली होती. त्यांच्या गल्लीत जमिनीतून चिखल वर आला, नळ बंद पडले. चार दिवसांनी मायलेकी दोन बॅगा घेऊन पुण्याला गेल्या. त्याच वर्षी मेधाताईंना तिकडे नोकरी लागली. सई आता जपानी विसरली आहे. हे सगळं ओगलेंनी बूट पुसत सांगितलं.

“मार्चमध्ये सहावी संपते,” ते म्हणाले. “मग हे दप्तर तिच्या कामाचं नाही.”

“मेधाताईंना माहीत आहे? तुम्ही हे सगळं असं ठेवलंय ते?”

“डोक्यावर लिहिलंय ना.”

“त्यांनी वाचलेलं नाही, ओगले-सान.”

त्यांनी दप्तरावरच्या चिठ्ठीची सुटलेली कड बोटाने दाबली. मग म्हणाले, “मीच लावतो, मीच वाचतो. बाहेरून आलेल्या तुम्ही पहिल्या.”

त्यांनी कागदावर शिक्का मारला. तो अर्धाच उमटला. असा कागद ते नेहमी फाडत आणि नवा मागत. या वेळी तसाच माझ्या हातात दिला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या व्यवस्थेत ओगलेंच्या नावाने बुकिंग झालं. ट्रक, माणसं, लिफ्टची वेळ. तिन्ही नोंदी झाल्या. सामान बंदरात जाणार होतं, तिथून जहाजाने भारतात. चिठ्ठ्यांबद्दल त्यांनी मेधाताईंना कळवलं होतं; तिकडून काय उत्तर आलं, ते त्यांनी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. किटलीवरची चिठ्ठी मात्र राहू द्या म्हणाले.

सामानाच्या यादीत दप्तर नव्हतं. ओगलेंच्या खालच्या मजल्यावरच्या इनोउए-साननी त्यांना निघायच्या दिवशी सकाळी विमानतळाच्या बसकडे जाताना पाहिलं. हातात एक बॅग आणि एका खांद्यावर लहान मुलीचं लाल दप्तर होतं, असं त्यांनी मला सांगितलं. दप्तरावर चिठ्ठी होती का, असं मी विचारलं.

नव्हती, असं त्या म्हणाल्या.